खमेर काशाची अंगठी ‘आपलीच’ कशी?

ओतारी:
गेल्या आठवड्यात ‘प्रवासी पाऊल’ यांनी कंबोडियातल्या सिएम रीपहून आणलेली नंदीची काशाची अंगठी आणि एक जाड कडं, असे फोटो टाकले. सोबत लिहिलं, की अंगठी आठशे वर्षं जुनी, सोनं राजाचं नि कासं गरिबाचं, आणि खमेर, म्हणजे तिथल्या लोकांची संस्कृती, ही शेवटी आपलीच. खाली सगळे ‘वा वा’. मला राहवलं नाही.

कासं गरिबाचं असतं, तर खमेर राजधानी अंगकोरच्या पश्चिम मेबोन देवळातला शेषशायी विष्णू काशात ओतला असता का? १९३६मध्ये तो तुकड्यांत सापडला. मूळ लांबी पाच मीटरच्या वर असावी. गळ्यातला हार, दंडावरच्या वाक्या, सगळं काशातच घडवलेलं. भुवया नि मिशांच्या जागी नुसत्या खाचा उरल्यात, तिथला जडाव गेला. अंगकोर थॉम या राजनगरीत राजवाड्याला लागूनच अकराव्या शतकातली काशाची ओतशाळा निघाली आहे. राजा ज्या धातूची भट्टी दाराशी ठेवतो, तो धातू हलका कसा?

दागिना तर त्याच्याही कितीतरी आधीचा. कंबोडियातल्याच फुम स्नाय गावी २०००मध्ये रस्त्याचं काम चालू असताना लोहयुगातली थडगी लागली. काशाची कडी नि घंट्या, शिवाय मणी, तलवारी. अभ्यासक पोचेपर्यंत गावकऱ्यांनी बरीच उपसली होती. हाडं बाजूला टाकली, दागिने व्यापाऱ्याकडे गेले. कोणाच्या हातात किती कडी होती, ती बाई होती की मूल, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून विचारतो, ही अंगठी कुठून आली?

प्रवासी पाऊल:
दुकानातून घेतली, पैसे मोजून. मी चोर नाही. शिलालेख संस्कृतात, देवळात शिव-विष्णू, अंगठीवर नंदी. ‘आपलं’ म्हटलं तर कोणाचं काय गेलं? आणि लूट आजची नाही. अंगकोरच्या काशाच्या मूर्ती १४३१मध्ये सयामच्या अयुथ्थया राज्याने नेल्या, १५६९मध्ये तिथून ब्रह्मदेशात पेगूला, मग अराकानला, १७८४मध्ये मंडालेकडे. सगळा दोष एका प्रवाशाच्या माथी का?

माजघर:
त्यांतल्या सहा मंडालेच्या महामुनी देवळात आहेत. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तोच भाग लोक चोळतात. चोळून चोळून धातू गुळगुळीत झालाय. लुटीतून गेल्या खऱ्या, पण माणसांच्या हातात राहिल्या. कपाटातली अंगठी तशी नाही.

मला मात्र वेगळंच सलतंय. माझ्या काकूने दिवाळीच्या आवराआवरीत पणजीचे काशाचे वाळे मोडीत घातले. किलोच्या भावाने! बदल्यात स्टीलचे दोन डबे. पणजी ते घालून विहिरीवर जायची, एका वाळ्याला दगडावर आपटून खोक पडली होती. त्यावर इथे कोणी अवाक्षर काढत नाही.

गिरमिट:
आमच्या दोन समया आणि काशाची वाटी अशीच गेली. त्याच वाटीने आई उन्हाळ्यात आमच्या तळपायांना तूप चोळायची. भांडेवाल्याने ठोकून आवाज ऐकला, ‘चांगलं कासं आहे’ म्हणाला आणि तरी भंगाराचाच भाव लावला.

ओतारी:
विषय भरकटवू नका. तुमचे वाळे तुमच्या घरच्यांनी मोडले. फुम स्नायच्या थडग्यातल्या माणसाची संमती कोणी घेतली होती?

माजघर:
घरच्यांनी मोडले म्हणून ते गेले नाहीत? हजारो मैलांवरच्या हाडांसाठी जीव तुटतो आणि शेजारच्या घरातली पणजी म्हणजे भरकटणं? हे मला लागलं. स्पष्ट सांगते.

ओतारी:
लागलं असेल तर माफ करा. मुद्दा सोडणार नाही.

‘आपलीच’बद्दल राहिलं. कंबोडियाच्या प्रे वेंग प्रांतात प्रोहियरला एक व्यक्ती काशाच्या ढोलात डोकं ठेवून पुरलेली सापडली. तिथल्या पहिल्या संस्कृत शिलालेखाच्याही आधीची. ही रीत आपली म्हणायची? नंदी त्यांनी घेतला, मान्य. पण ओतणारे हात त्यांचे. आणि कंबोडियाच्या १९९६च्या कायद्याने पुरावस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. चोरट्या पुरावस्तूंच्या व्यापाराचा आरोप असलेल्या डग्लस लॅचफर्ड या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या संग्रहातले मुकुट, हार, कंबरपट्टे असे ७७ दागिने २०२३मध्ये लंडनहून परत गेले, ते उगाच नाही.

गिरमिट:
ते कडं दागिना नसावा. खमेर पालख्यांना अशी काशाची कडी नि आकडे असायचे, झोळी दांड्याला अडकवायला. पालख्या अंगकोर वाटच्या भिंतींवर कोरलेल्या आहेत. शिवाय कासं सोन्यासारखं वाकत नाही, वाकवलं की तडकतं. बंद कडं हातातून सरकायलाच हवं. तुमचं सरकतं का?

प्रवासी पाऊल:
नाही सरकत. अंगठ्याच्या बुडाशी अडकतं. आतून सगळीकडे सारखं झिजलेलं नाही, एकाच जागी खोलगट आहे. पालखीचं असेल, बरं. कागदाचं म्हणाल तर दुकानदाराने नुसतं ‘हस्तकला’ लिहिलंय, आणि हे मला आज लक्षात आलं. पण नंदी आपला नाही, हे मी मानणार नाही.

ओतारी:
एकाच जागी झीज म्हणजे तिथे भार लोंबत होता. अंगठीचाही आतल्या बाजूचा फोटो टाका. नवी असेल तर निदान कोणाच्या थडग्यातली नाही.

माजघर:
आज भांडेवाल्याकडे जाऊन आले. वाळे गेल्या महिन्यातच भट्टीवर गेले. काकूला सांगितलं, तर तिने स्टीलचे डबे माझ्यापुढे ठेवले नि म्हणाली, घेऊन जा. मी नाही आणले.