मदत हवी आहे: ऊसतोडीच्या कुटुंबांना लसी अहिराणीत कशा समजवायच्या?

राम राम मंडळी. आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात. ऊसतोडीहून परतलेल्या काही लेकरांचे डोस राहिलेत. आयांचा प्रश्न रास्त आहे: लसीतून आजारच अंगात सोडता का?

मला माहीत आहे ते असं. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीत, जिवंत जंतू नसतातच. त्यातला धनुर्वात आणि घटसर्पाचा भाग म्हणजे निकामी केलेलं विष. गोवर हवेतून पसरतो, म्हणून १०० पैकी साधारण ९५ जणांचे दोन्ही डोस झाले तरच साथ अडते आणि ९ महिन्यांच्या आतली, लस न मिळालेली बाळंही वाचतात. धनुर्वाताचं तसं नाही. तो मातीतून, जखमेतून येतो. शेजाऱ्याच्या लसीने आपलं लेकरू वाचत नाही. नेमकं हेच पटवणं मला जड जातंय.

कुणी आशाताई, नर्सताई हे घरच्या अहिराणीत दोन-चार वाक्यांत लिहून द्याल का? आणि कार्ड हरवलं असेल तर आधीच्या डोसची नोंद कुठे शोधायची? सुरुवातीचे डोस कारखान्याच्या गावी झालेत, म्हणून विचारतो. पोरं पुन्हा तोडीला जाण्याआधी हे व्हायला हवं.