मदत हवी आहे: टी-रेक्स की गिगानोटोसॉरस, कोण जिंकेल?

डायनोसॉरवाल्या मंडळींनो, जरा मदत करा. भाच्याला शाळेत बोलायचंय की टी-रेक्स आणि गिगानोटोसॉरस समोरासमोर आले तर कोण जिंकेल. तसे हे दोघं कधी भेटलेच नाहीत, एक उत्तर अमेरिकेतला, दुसरा अर्जेंटिनातला, आणि मधे जवळपास 3 कोटी वर्षं, पण पोरांच्या लढाईत ते चालतं. लांबीला दोघं साधारण सारखेच, 12 मीटरच्या आसपास, म्हणून मला वाटतं सगळा खेळ दातांवर आहे. टी-रेक्सचे दात केळ्याएवढे जाडजूड, सरळ हाड फोडणारे, शिवाय दोन्ही डोळे पुढे बघणारे त्यामुळे अंतराचा अंदाज पक्का. गिगानोटोसॉरसचे दात चपटे, पातळ, धारेला बारीक दातेरी, मांस कापायला बनलेले. माझं मत टी-रेक्सलाच, एकदा मान जबड्यात आली की विषय संपला. पण भाचा म्हणतो गिगानोटोसॉरसने आधी मांडीला खोल चावा घेतला तर रक्त जाऊनच टी-रेक्स पडेल. हे कितपत बरोबर आहे? एवढं मोठं जनावर अशा जखमेने लगेच खाली बसेल का, की तेवढ्यात उलटा हल्ला करेल? कोणी याचा अभ्यास केलाय का? प्लीज सोप्या मराठीत सांगा, त्याला जसंच्या तसं वाचून दाखवायचंय.