उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं? तुमचे अनुभव लिहा

रात्री बरी असलेली गाडी सकाळी सेल्फच घेत नाही, नुसतं टक टक. बॅटरीवाला म्हणतो बदला. बदलली तरी पुन्हा तेच. बंद गाडीही थोडा करंट घेतेच. घड्याळ, रिमोट लॉक, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी. २० ते ५० मिलीअँपिअरपर्यंत काळजी नाही. पण ३०० गेला तर दिवसाला सात अँपिअर-अवर उतरतात, आणि छोट्या गाडीच्या बॅटरीत असतातच ३५. तुमच्याकडे गळती कशी सापडली, कशाने थांबली, ते सविस्तर सांगा. 'शोरूमला दाखवा' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

लातूरकर
आमच्याकडे दोन दिवस गाडी उभी राहिली की शेजाऱ्याच्या गाडीला वायर लावायची वेळ. शेवटी मल्टिमीटर आणला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बसवलं, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. चावी घरात, गाडीपासून लांब.

पहिला आकडा दोन अँपिअरच्या वर. घाबरायचं नाही, गाडी झोपायला, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक्स बंद व्हायला, वेळ घेते. आमची अर्ध्या तासानं शांत झाली, पण ०.४४ वर येऊन थांबली. मग एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा काढला आणि काटकन ०.०३! त्या फ्यूजवर केबिनचा दिवा, डिकीचा दिवा आणि टेपची मेमरी. केबिनचा तर बंद दिसत होता. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून डिकीत ठेवला, डिकी लावली. आत लख्ख उजेड! पाच वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ०.४ अँपिअरच घेतो, हिशोब तंतोतंत जुळला. तुरीची पोती कोंबून कोंबून डिकीच्या लॉकमधलं स्विच वाकलं होतं. स्विच बदललं, खर्च किरकोळ. मधल्या काळात दोन बॅटऱ्या घेतल्या, त्याचं बोलायलाच नको.

वाळूजचा वायरमन
वरची पद्धत बरोबर, पण नव्या गाड्यांत फ्यूज काढून परत बसवला की एखादं मोड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबा) जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास बसा. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. त्याच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथं मिलीव्होल्टवर मीटर टेकवा. शून्य आलं तर त्या लाइनवर करंट नाही, पुढचा फ्यूज बघा. काही दिसलं तर तिथं थांबा. नेमके मिलीअँपिअर हवे असतील तर फ्यूजच्या अँपिअरप्रमाणे तक्ता बघावा लागतो, पण चोर पकडायला तक्त्याची गरज नाही.

आणि मीटर लावलेला असताना कुणाला सेल्फ मारू देऊ नका. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागेवर उडतो. घरातली पोरं चावी घेऊन फिरतात, आधी ती चावी खिशात घाला.

परभणीकर
बाहेरून बसवलेला टेप. त्याला पिवळी वायर कायम करंटची आणि लाल चावीवरची. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीवर दिल्या, कारण मीच म्हणालो होतो की चावी काढली तरी गाणी वाजली पाहिजेत. वाजली! लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली, विषय संपला.

जालना, जुनी जीप
आमचं येगळंच. समदे फ्यूज उपसले तरी करंट खायलीच. मिस्त्री म्हणला डायनामोला हात लावून बघा. रात्रभर उभी जीप, सकाळी डायनामो कोमट. त्याची बॅटरीकडं जाणारी जाड वायर सोडली (आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून, न्हाई तर ठिणगी पडती) आन् मग मीटर लावला तर शून्य. आतला डायोड, म्हंजी करंट उलटा येऊ न देणारा पार्ट, गेल्ता. गाडी चालू असताना चार्जिंग बरोबर दाखवायची, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

नांदेड, टॅक्सी
आमच्या गाडीत ट्रॅकर काढता येत नाही, तो थोडं खातोच. खरा त्रास डॅशकॅमचा होता, पार्किंग मोडवर रात्रभर चालू. त्याच्या वायरिंग किटमध्ये व्होल्टेज कट-ऑफ असतो, तो १२.४ वर ठेवला. बॅटरी तेवढी उतरली की कॅमेरा आपोआप बंद.

बीडकर
थोडं वेगळं सांगतो. मी मोजलं तर २० मिलीअँपिअर, म्हणजे गळती नव्हतीच. गाडी रोज शाळेपर्यंत दोन किलोमीटर, एसी जोरात. एवढ्यात बॅटरी भरतच नाही. त्यात आपला उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आपोआप उतरणं साधारण दुप्पट होतं, आणि गाडी दिवसभर पत्र्याखाली. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी व्होल्टेज बघा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू करून १३.८ ते १४.५ च्या आसपास मिळालं तर डायनामो चार्ज करतोय. एवढं बघून मगच फ्यूज काढत बसा.

अंबाजोगाई
गाडी वाड्यात उभी, आम्ही पुण्यात. निगेटिव्हला फिरकीचा कट-ऑफ बसवला, जाताना सैल करतो. फक्त काचांचं ऑटो परत सेट करावं लागतं. आणि डिकी रिमोटनंच उघडत असेल तर सामान आधी काढा.

धाराशिवकर
माझा आकडा ०.०३ वर येतो, मग दर काही मिनिटांनी एकदम वर जातो आणि परत खाली. हे काय असेल?

वाळूजचा वायरमन
काहीतरी गाडीला झोपेतून उठवतंय. बिनचावीची गाडी असेल तर चावी खूप लांब ठेवून बघा. तरीही आकडा उडतोच असं दिसलं तर बाहेरून लावलेलं सगळं, ट्रॅकर, अलार्म, कॅमेरा, एकेक करून सोडा. शेवटी दाराची लॉक स्विचं. आकडा वर गेला त्याच क्षणी मिलीव्होल्ट बघायचे, नंतर बघून उपयोग नाही. मीटरमध्ये मॅक्स होल्ड (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारं बटण) असेल तर तो लावून ठेवा, आणि कोणत्या फ्यूजवर दिसतंय ते इथं लिहा.