बाबांचा २००० सालचा असेंबल पीसी माळ्यावर सापडलाय, चालू करावा का?

अहमदपूरची_लेक
नमस्कार मंडळी. घराची डागडुजी चालू आहे, त्यात माळ्यावरून बाबांचा जुना कॉम्प्युटर खाली आला. लग्नपत्रिका, हँडबिलं, अर्जाचे फॉर्म असं डीटीपीचं दुकान होतं त्यांचं. कॅबिनेट पिवळं पडलंय, वर विंडोज ९८ चा स्टिकर आहे. बाबा म्हणतात आजोबांची भारुडं त्यात टाइप केलेली आहेत. मूळ वही वाळवीनं खाल्ली. बाबांचं एकच पालुपद, "वायर लाव अन् बटण दाब, काय होतंय त्याला." माझा काही धीर होईना गेलाय. काय करू?

आणि सहज विचारते, त्या काळी अहमदपूरसारख्या गावात लोक असं मशीन जमवायचे तरी कसं? बाबांकडून "हैदराबादहून आणलं" याच्यापुढं उत्तर येत नाही.

परभणीचा_पोट्टा
लावा बिनधास्त. जुना माल दणकट राहायचा. आजच्यासारखा प्लास्टिकचा कारभार नव्हता.

उदगीरकाका
ताई, थांबा. वायर लावू नका. भाऊ, दणकटपणाचं तुमचं म्हणणं पत्र्याच्या डब्यापुरतं मान्य. आतल्या एसएमपीएसमधले (घरची वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, वीस वर्षांत वाळून जातात, ते फुटायला एक सेकंद बी लागत नाही.

उदगीरला माझं असेंबलिंगचं काम होतं, तवा आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आमच्याकडचे लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराला कामून जातील? उदगीरहून बिदर, जहिराबाद करत एसटी हैदराबादला इमलीबन स्टँडवर सोडायची. तिथून सिकंदराबाद, पार्क लेन, चिनॉय ट्रेड सेंटर, तिथला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. गाळ्यागाळ्यातून भाव काढायचा, उर्दू-तेलुगू-हिंदीची खिचडी बोलायची, अन् दुपारपर्यंत सामान बांधून घ्यायचं. बिल कच्चं. वॉरंटी म्हणजे दुकानदारानं मदरबोर्डावर मार्करनं टाकलेली तारीख. येताना मॉनिटर मांडीवर. चौदा इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर काचेकडून जड असतो, म्हणून काच पोटाकडं धरून बसायचं. जहिराबादपर्यंत पाय बधिर. कंडक्टर त्याचं लगेज लावायचा ते वेगळंच.

२००० च्या आसपास आमचं ठरलेलं गणित होतं: सॉकेट ३७० चा सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, इंटेल ८१० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ एमबी एसडीरॅम. ८१० मध्ये डिस्प्ले अन् बहुतेक बोर्डांवर साऊंड आतच यायचा, दोन कार्डांचे पैसे वाचायचे. डिस्प्ले मुख्य रॅममधूनच थोडी मेमरी खायचा, पण पेजमेकर या डीटीपीच्या सॉफ्टवेअरवर पत्रिका लावणाऱ्याला त्याचं काय? गिऱ्हाईक पेंटियम थ्रीसाठी हट्ट करायचं, कारण पाव्हण्याकडं पेंटियम थ्री आहे. मी म्हणायचो, तो फरकाचा पैसा स्टॅबिलायझर, यूपीएस अन् अर्थिंगला घाला.

हे मी आजबी सांगतो. आपल्याकडं मशीन प्रोसेसरनं नाही, विजेनं मरायचं. रब्बीत विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं, मॉनिटरवरचं चित्र आक्रसायचं. मोटारी बंद झाल्या की एकदम वर. अन् अर्थिंग तर निम्म्या घरांत नव्हतंच. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, लोक म्हणायचे "करंट उतरायलाय". एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज अन् न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं. करंट अगदी थोडा, पण रॅम लावताना तेवढ्यानंबी घात होतो. म्हणून मी आधी परसात खड्डा घ्यायला लावायचो, मीठ-कोळसा-पाइप, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी. एका गिऱ्हाइकाची आई म्हणाली, कॉम्प्युटर आणलाय का तुळस?

आता तुमचं काम. तुम्हाला मशीन नकोय, भारुडं पायजेत. तवा कॅबिनेटचा पत्रा काढा, हार्ड डिस्क बाहेर घ्या. पॉवरची चार तारांची पिन अन् चपटी ४० पिनांची पट्टी अलगद, सरळ ओढायची. ही जुनी पट्टीची जोडणी म्हणजे आयडीई; आयडीई ते यूएसबी अॅडॉप्टर मिळतो, मात्र स्वतःचा पॉवर ब्रिक असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबी देत नाही. डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, मास्टरवर ठेवा. विंडोज ९८ ची डिस्क फॅट ३२ किंवा फॅट १६ पद्धतीची असते, आजचं कुठलंबी मशीन वाचतं. डिस्क फिरली की फायली उघडून बघत बसू नका, आधी सगळं उचलून दुसरीकडं ठेवा. टकटक असा आवाज आला तर तिथंच थांबा.

मशीन चालू करायची हौस असलीच तर नंतर, वायरमनला बोलवून सिरीज बल्ब लावून, म्हणजे वीज बल्बातून मशीनला जाईल असं जोडून. बल्ब झपकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. मागचा लाल स्विच २३० वर आहे का बघा, ११५ वर असला की धडाम. कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली तर विषय संपला. बायोसची (बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) तारीख मागं गेलेली असणार, सीआर २०३२ सेल बदला. अन् तारीख २६ एप्रिल येऊ देऊ नका. सीआयएच व्हायरस १९९९ ला त्याच तारखेला उठला होता, डिस्क पुसायचा अन् काही बोर्डांचा बायोसबी. आम्ही त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या मशीनची तारीख २७ करून ठेवायचो.

औंढेकर
काकांनी सगळं सांगितलंच. फक्त एक, विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर पण उचला. विंडोज ९८ ला मराठी युनिकोड (आज सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) धड जमत नव्हतं, त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट असायचे. फॉन्ट नसला तर भारुडाच्या जागी नुसता कचरा दिसेल.

अहमदपूरची_लेक
डिस्क फिरली! लातूरहून अॅडॉप्टर मागवला होता. पत्रिकांचं एक फोल्डर, शेजारी "आबा" नावाचं. पण फायली पी ६५ आहेत, माझ्या लॅपटॉपवर उघडेनात. फॉन्ट पण घेतलेत. बाबा तर "मी म्हणलो होतो ना" म्हणत गल्लीभर फिरायलेत.

उदगीरकाका
बाबांना म्हणावं, बटण तुम्ही दाबलं नाही म्हणून हे जमलं.

पी ६५ म्हणजे पेजमेकर ६.५. इनडिझाइन हे पानं लावायचं नंतरचं सॉफ्टवेअर, त्याच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या ती फाईल उघडतात. नाहीतर लातुरात एखाद्या जुन्या प्रेसवर पेजमेकर अजून असंल, विचारा. उघडली की आधी पीडीएफ काढा, म्हणजे दिसायला तरी जशीच्या तशी राहील. मग मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून युनिकोडला न्या. रफार, जोडाक्षरं अन् पहिली वेलांटी हमखास बिघडते, तवा पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ बाबांकडून वाचून घ्या.

मॉनिटर मात्र कुणाला खोलू देऊ नका. बंद असला तरी पिक्चर ट्यूब चार्ज धरून ठेवू शकते. भंगारवाल्याला अख्खाच द्या.