‘पुनर्जन्म झाला’ की ‘परत आला’? मरणाच्या दारातून माघारी आलेल्यांसाठीचे शब्द

दीड वर्षापूर्वी माझ्या बाबांचं हृदय रुग्णालयातच बंद पडलं. छातीवर दाब देऊन, शॉक देऊन ते पुन्हा सुरू केलं. घरी आल्यावर जो येईल तो म्हणायचा, ‘काका, तुमचा पुनर्जन्मच झाला!’ पेढे वाटून झाले. बाबा सगळ्यांशी नीट बोलायचे, पण पाहुणे गेले की खिडकीशी गप्प बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, ‘पुनर्जन्म म्हणू नका गं. जन्माला येणाऱ्याला मागचं आठवत नसतं. मला सगळं आठवतंय.’

तेव्हापासून शब्द शोधतेय. अमेरिकेतल्या रेमंड मूडी यांनी १९७५ साली रूढ केलेल्या ‘निअर-डेथ एक्सपिरियन्स’ या संज्ञेसाठी मराठीत ‘मृत्युसमीप अनुभव’ लिहितात, ते ठीक आहे. पण हा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला काय म्हणायचं? ‘मरणासन्न’ चालेल का?

प्रतिसाद

‘मरणासन्न’ नको. आसन्न म्हणजे जवळ येऊन ठेपलेलं. आसन्नमरण, मरणोन्मुख हेही त्याच घरातले. हे सगळे शब्द निघालेल्या माणसाचे आहेत, परतलेल्याचे नाहीत. ‘उन्मुख’मध्ये तर तोंडच तिकडे वळलेलं आहे.

बोलीकडे या. ‘यमाच्या दारातून परत आला’, ‘मरता मरता वाचला’, ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’. या शेवटच्या वाक्यातला काळ म्हणजे प्रत्यक्ष यम आणि वेळ म्हणजे ठरलेली घटका. ‘जिवावरचं बोटावर निभावलं’ मात्र इथे बसत नाही. मोठं संकट थोडक्या नुकसानीवर टळलं, एवढंच त्यात येतं.

लेखनाचं एक: ‘मृत्युसमीप’मध्ये त्यु ऱ्हस्वच, मृत्युपत्रासारखा. ‘मृत्यूच्या दारात’ लिहिताना दीर्घ.

प्रतिसाद

‘वाचणे’बद्दल लिहावंसं वाटतं. जुन्या लेखनात जीव वाचतो तो ‘वांचणें’ आणि पुस्तक वाचतो ते ‘वाचणें’ अशी दोन वेगळी रूपं होती. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोन्ही क्रियापदं एकसारखी दिसू लागली. उच्चार आधीच एक झाला होता, तरी डोळ्यांना दिसणारा तो फरक गेल्याची मला हळहळ वाटते.

‘बचावणे’ वेगळं. ‘बालंबाल बचावला’ म्हणजे धक्का लागता लागता राहिला. तुमच्या बाबांना तर धक्का लागला, ते पलीकडे गेले आणि मग आले. त्यांना ‘बचावलेले’ म्हणणं अपुरं आहे.

आणि ‘ग्रस्त’! ग्रस् म्हणजे गिळणे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात जी माणसं ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तीही कागदोपत्री ‘भूकंपग्रस्त’च. ज्याला गिळता आलं नाही त्यालाही आपण गिळलेलाच म्हणतो.

प्रतिसाद

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे ‘पेशंट अरेस्टमध्ये गेला’ (हृदय बंद पडलं), ‘रिव्हाइव्ह झाला’ (पुन्हा सुरू झालं) असंच बोलतात. पण मॉनिटरवर ठोके दिसायला लागले की मावशी, वॉर्डबॉय, कधी डॉक्टरसुद्धा म्हणतात, ‘आला, आला परत!’ माझ्या मते तुम्हाला हवा असलेला शब्द हाच.

शुद्धीवर आल्यावर सगळेच काही प्रकाश पाहिला असं सांगत नाहीत. नेदरलँड्समध्ये हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि सहकाऱ्यांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांना विचारलं, तेव्हा ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी असा अनुभव सांगितला. ते संशोधन २००१ साली प्रसिद्ध झालं. पुढे काही वर्षांनी पुन्हा भेटल्यावर या लोकांची मरणाची भीती कमी झालेली दिसली.

आपल्याकडे सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हनसन या संशोधकांनी १९८६ साली उत्तर भारतातल्या १६ जणांच्या हकिकती मांडल्या. तिथे पाश्चात्त्यांच्या वर्णनातल्या बोगद्याऐवजी यमदूत येतात, वही उघडली जाते, ‘चुकीचा माणूस आणलात’ म्हणून परत धाडतात. म्हणजे ‘परत धाडला’ हे आपल्या लोकांच्या अनुभवातच आहे.

पेशंट ‘मला कुणीतरी नेलं होतं’ म्हणाला की नातेवाईक लगेच ‘काही बोलू नका, आराम करा’ म्हणतात. त्यांना गप्प करू नका, एवढी कळकळीची विनंती.

प्रतिसाद

वटपौर्णिमेच्या कथेत आपण सावित्रीचं ऐकतो आणि थांबतो. महाभारताच्या वनपर्वात सत्यवान उठल्यावर बोलतो. आपण फार वेळ झोपलो, उठवलं का नाहीस, आणि मला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कुठे गेला, असं विचारतो. ते स्वप्न होतं की खरं, हेही त्याला सावित्रीकडूनच जाणून घ्यायचं आहे. घरी सांगितल्या जाणाऱ्या कथेतून हे प्रश्न का गळाले असतील?

कठोपनिषदातला नचिकेताही यमाच्या घरून परतणारा. तीन वरांतला पहिला वर तो काय मागतो? वडिलांचा राग शांत होवो, आणि तू मला परत सोडल्यावर त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावं. मृत्यूपलीकडचं गूढ तो तिसऱ्या वरात विचारतो. आधी घरच्यांनी ओळखणं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळे प्रतिसाद काल बाबांना वाचून दाखवले. ‘परत आलेला’ त्यांना पटलं. नचिकेताचा पहिला वर पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, ‘त्या दिवशी काय झालं ते विचार आता. तू कधी विचारलंच नाहीस.’

रात्री दीडपर्यंत बोलत होतो आम्ही.