प्रतिसाद: तव्याचा चटका आणि मेंदू

वर म्हटलंय की तव्याला बोट लागलं की मेंदू हुकूम सोडतो आणि हात मागे येतो. क्रम थोडा वेगळा आहे. बोटातला संवेदी तंतू (जाणीव वाहून नेणारा धागा) निरोप मेरुरज्जूपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या जाड दोरापर्यंत नेतो, तिथल्या मधल्या चेतापेशी तो स्नायू हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशींना देतात आणि दंडाचा स्नायू आखडतो. मेंदूला बातमी पोचते, पण हात तोवर निघालेला असतो. म्हणून 'आई गं' नंतर येतं.

पण मेंदू ही क्रिया दाबूही शकतो. उकळत्या आमटीचं पातेलं हातात असताना फडकं सरकलं, तरी ओट्यावर टेकेपर्यंत आपण ते सोडत नाही. तेव्हा मेंदूच मेरुरज्जूला थोपवून धरत असतो.

आता मला खरं सांगायचंय ते मधुमेहाबद्दल. पायाच्या अंगठ्यातला संवेदी तंतू ज्या पेशीचा फाटा आहे, तिचा गाभा कमरेपाशी, मणक्यालगत असतो. म्हणजे एकच पेशी जवळजवळ मीटरभर लांब! मधुमेहात बहुधा हेच सर्वांत लांब तंतू आधी खराब होतात. माझ्या आईच्या पायातली चप्पल अंगणातच निसटली होती आणि ती तशीच घरात आली, तिला कळलंच नाही. आम्ही हसलो होतो, त्याचं आजही वाईट वाटतं. पुढे तळव्याला फोड आला, तोही मोज्यावरच्या डागामुळे दिसला. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.