कांजीचे सरावाचे कागद: चौकोनांपेक्षा फॉन्ट बघा
एकाने एक्सेलमध्ये चौकोन आखून कांजीचे, म्हणजे जपानीतल्या चिनी वळणाच्या अक्षरांचे, सरावाचे कागद छापायचं सुचवलंय. चौकोन ठीक, पण खरी मेख फॉन्टमध्ये आहे. मिंचो, म्हणजे छापील वळणाचा फॉन्ट, गिरवू नका. त्यात हिरागानातल्या (जपानीच्या साध्या उच्चारलिपीतल्या) 'की'चा खालचा भाग जोडलेला दिसतो. हाताने लिहिताना ती सुटी, चौथी रेघ असते. क्योकाशो, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं वळण घ्या. विंडोज १०च्या जपानी पूरक फॉन्टांत 'यूडी डिजी क्योकाशो' मिळतो.

आणि पीडीएफच करून न्या हो! मी कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेली. त्याच्या कॉम्प्युटरने चिनी फॉन्ट लावला आणि 'नाओसु'ची (दुरुस्त करणे) कांजी भलत्याच वळणाची छापली. पन्नास प्रती! (मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्याकडे अजून किराण्याच्या याद्या होतायत.) 'फिट टू पेज'ही बंद करायला सांगा, नाहीतर चौकोन आक्रसतात. १५ मिमीचे १२ चौकोन ए-फोरवर आडवे बसतात.

रेघांचा क्रम मात्र आकडे घालून दाखवाच. 'मिगी' आणि 'हिदारी', उजवा-डावा, यांचा वरचा भाग सारखाच दिसतो. पण उजव्यात आधी तिरपी रेघ, डाव्यात आधी आडवी. हा क्रम कांजीव्हीजी (KanjiVG) या रेघांचा क्रम दाखवणाऱ्या साइटवर फुकट मिळतो.